बॅग भरण्याच्या सहा आठवडे आधी

बीड जिल्ह्याला समुद्र नाही. मुंबईचे बंदर गाठायचे तर रात्रीच्या ट्रॅव्हल्सने घाट उतरून जावे लागते. तरीही अलीकडे बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगावच्या घरांतून ‘क्रूझ’ हा शब्द ऐकू येऊ लागला आहे. निवृत्तीची रक्कम हाती आलेले शिक्षक दाम्पत्य, पुण्यात नोकरीला असलेला मुलगा, सून आणि नातवंडे असे सगळे मिळून मुंबई-गोवा बोट ठरवतात. कुणी सिंगापूरहून सुटणारी बोट पाहतो, तर कुणी दुबईची.

तयारीही जोरात होते. केबिनला खिडकी आहे का, जेवणात शाकाहारी काय मिळेल, नातवाला पोहायला मिळेल का, हे सारे विचारून होते. निघायला पाच-सहा दिवस उरले की मग कुणाला तरी आठवते, ‘काही लस-बिस लागते का हो?’ त्या वेळी डॉक्टरांकडे गेले तर अनेकदा उत्तर मिळते, ‘लागते, पण आता उशीर झाला.’

प्रवासाचे आरोग्य-नियम म्हणजे कागदी सोपस्कार, असा समज आहे. ते वरचेवर बदलतात, त्यामुळे लोक वैतागतातही. पण या नियमांतला प्रत्येक आकडा कुठल्या ना कुठल्या साथीतून आलेला आहे. त्यांच्या इतिहासातले एक पान तर थेट बीड जिल्ह्यात लिहिले गेले आहे.

मामल्याच्या पिसवा आणि जगाची विमानतळे

१९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात पिसवांचा त्रास अचानक वाढला. उंदीर मरून पडत होते. जुन्या लोकांना या खुणेचा अर्थ ठाऊक होता. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा नवे यजमान शोधतात आणि माणसाला चावतात. प्लेगचा जंतू या वाटेने माणसात शिरतो. ऑगस्टच्या अखेरीस ताप आणि जांघेत किंवा काखेत गाठ असलेले रुग्ण आढळू लागले. भारतात त्याआधीच्या प्लेगच्या नोंदी १९६६ च्या होत्या. म्हणजे जवळपास तीन दशके हा आजार फक्त पुस्तकात उरला होता. आदल्या वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ ला, किल्लारीचा भूकंप झाला होता. लोकांनी सोडलेली घरे आणि साठून राहिलेले धान्य यांमुळे उंदीर वाढले असावेत, असे स्पष्टीकरण तेव्हा पुढे आले.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली. गाठीचा प्लेग पिसवांमुळे होतो. फुप्फुसाचा प्लेग मात्र खोकल्याच्या तुषारांतून माणसाकडून माणसाला होऊ शकतो. लाखो लोकांनी सुरत सोडली. दिल्ली-मुंबईत औषधाच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन संपले. देशभरात मिळून पन्नासहून थोडे अधिक मृत्यू झाले, त्यातले बहुतेक सुरतेतले. मामला आणि सुरत या दोन साथींचा एकमेकींशी संबंध होता का, यावर पुढे तज्ज्ञांत बरीच चर्चा झाली.

जगाची प्रतिक्रिया मात्र आकड्यांच्या मानाने फार मोठी होती. काही आखाती देशांनी भारताशी विमानवाहतूक थांबवली. युरोप-अमेरिकेच्या विमानतळांवर भारतातून आलेल्या प्रवाशांना बाजूला घेऊन तपासण्यात आले. पर्यटकांनी बुकिंग रद्द केले, माल अडकला. अशा निर्बंधांची गरज नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगत होती, तरीही हे झाले. देशाचे नुकसान दीड ते दोन अब्ज डॉलरच्या घरात गेल्याचे अंदाज नंतर मांडले गेले.

खरे तर प्लेगवर औषध होते. स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन, डॉक्सिसायक्लिन ही औषधे वेळेत सुरू केली तर रुग्ण बरा होतो. प्लेगची लक्षणे दिसायला संसर्गानंतर साधारण सहा दिवसांपेक्षा जास्त लागत नाहीत, हेही माहीत होते. निर्बंध या माहितीवर नव्हे, भीतीवर उभे राहिले होते. साथ प्रामाणिकपणे जाहीर करणाऱ्या देशालाच अशी शिक्षा मिळणार असेल, तर पुढच्या वेळी कोण जाहीर करील, हा प्रश्न त्यातून उभा राहिला. १९९१ मध्ये पेरूतल्या कॉलऱ्याने तो आधीच पुढे आणला होता. १९९५ च्या जागतिक आरोग्य सभेत आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम बदलण्याचा ठराव झाला. नवे नियम २००५ मध्ये मंजूर झाले आणि १५ जून २००७ पासून लागू झाले. रोग रोखावा, पण प्रवास आणि व्यापार विनाकारण अडवू नये, हे त्यांचे सूत्र आहे. आज बोटीवर किंवा विमानात चढताना आपल्याला जे नियम लागतात, त्यांच्या घडणीत बीड-सुरतेच्या त्या काही आठवड्यांचाही वाटा आहे.

चाळीस दिवसांवरून सहा दिवसांवर

बोटींना अडवून ठेवण्याची पद्धत फार जुनी. व्हेनिसच्या बंदरात चाळीस दिवस थांबवून ठेवायचे. इटालियन भाषेतल्या ‘चाळीस’वरून ‘क्वारंटाइन’ हा शब्द आला. तेव्हा जंतू माहीत नव्हते, त्यामुळे चाळीस हा आकडा अंदाजाचा होता.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. त्यामुळे १८९७ मध्ये मुंबई बंदरातून हज यात्रेकरूंच्या बोटींवर बंदी घालण्यात आली. त्याच जानेवारीत वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था हे नाव तिथून आले. मुंबईहून जेद्दाला यात्रेकरूंच्या बोटी पुढे १९९५ पर्यंत जात होत्या.

विज्ञान पुढे गेले तसे आकडे बदलले. आजच्या नियमांतले आकडे दोन गोष्टींवर ठरतात. संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत किती दिवस जातात, ही पहिली. लस घेतल्यापासून शरीर तयार व्हायला किती दिवस लागतात, ही दुसरी. पीतज्वराची (यलो फीव्हर) लक्षणे सहा दिवसांच्या आत दिसतात, म्हणून भारतात त्यासाठीचे विलगीकरण जास्तीत जास्त सहा दिवसांचे असते. त्याची लस लागू पडायला दहा दिवस लागतात, म्हणून प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरतात. हे समजले की ‘आज लस, उद्या विमान’ का चालत नाही, ते वेगळे सांगावे लागत नाही.

नियम रद्दही होतात. एके काळी परदेशी जाणाऱ्याला देवीच्या लशीचा दाखला लागत असे. १९८० मध्ये देवीचे निर्मूलन जाहीर झाले आणि तो दाखला इतिहासजमा झाला. कॉलऱ्याच्या लशीची आंतरराष्ट्रीय सक्ती १९७३ मध्येच काढण्यात आली, कारण त्या लशीने कॉलरा देशाबाहेर जाण्याचे थांबत नव्हते. पीतज्वराचा दाखला पूर्वी दर दहा वर्षांनी नवा करावा लागे. ११ जुलै २०१६ पासून तो आयुष्यभर चालतो. कपाटात जुने पिवळे पुस्तक असेल तर ते जपून ठेवा.

दोन बोटी, दोन धडे

कोविडने हे सारे नव्या पिढीला दाखवले. फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात ‘डायमंड प्रिन्सेस’ बोट थांबवण्यात आली. तिच्यावर ३,७११ जण होते आणि शेवटी ७१२ जणांना संसर्ग झाला. बोटीवर एकूण १३८ भारतीय होते. त्यातले १३२ कर्मचारी आणि फक्त सहा प्रवासी. बोटीवर प्रवासी आपापल्या केबिनमध्ये बसून राहिले तरी स्वयंपाक आणि साफसफाई करणाऱ्यांना फिरावेच लागते, आणि त्यांची राहण्याची जागाही दाटीची असते.

जानेवारी २०२२ मध्ये मुंबईहून गोव्याला गेलेल्या ‘कॉर्डेलिया’वर सुमारे दोन हजार जणांच्या तपासणीत आधी ६६ जण बाधित निघाले आणि बोट मुंबईला परत आली. नववर्षाच्या सुट्टीचे नियोजन केलेल्या कुटुंबांचे काय झाले असेल, याची कल्पना करता येते. त्यानंतरच्या दीड वर्षात सक्ती एकेक करून उठत गेली. भारताने प्रवाशांसाठीचा ‘एअर सुविधा’ फॉर्म नोव्हेंबर २०२२ मध्ये थांबवला. अमेरिकेने परदेशी प्रवाशांवरची कोविड लशीची अट मे २०२३ मध्ये काढली.

म्हणून शेजारचे कुटुंब दोन वर्षांपूर्वी जाऊन आले, त्यांना काय लागले होते, यावर विसंबू नये. नियम ज्या दिवशी तिकीट काढाल त्या दिवशी पाहावेत आणि निघण्याच्या दोन आठवडे आधी पुन्हा पाहावेत.

तीन वेगळे प्रश्न

गोंधळ होतो तो तीन गोष्टी एकत्र केल्यामुळे. त्या वेगळ्या करून विचारल्या तर उत्तरे सोपी होतात.

पहिला प्रश्न सरकारचा: ज्या देशांत बोट थांबणार आहे, त्यांना काय लागते आणि परत येताना भारताला काय लागते? मुंबई-गोवा-लक्षद्वीप अशा देशांतर्गत बोटीला लशीचा कुठलाही आंतरराष्ट्रीय दाखला लागत नाही. आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेचा मार्ग असेल तर पीतज्वराचा प्रश्न येतो. इथे एक फसगत होते. माणूस दुबईहून बोटीत बसतो आणि बोट वाटेत केनियाच्या मोम्बासा बंदराला लागते. पीतज्वराच्या यादीतल्या देशातून निघून सहा दिवसांच्या आत भारतात आल्यास दाखला मागितला जातो. तो नसेल तर विलगीकरणात राहावे लागू शकते. त्यामुळे बोट कुठून सुटते एवढे पाहून भागत नाही. वाटेतले प्रत्येक बंदर पाहावे लागते. ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही. त्यासाठी मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणच्या शासनमान्य केंद्रात आधी वेळ घेऊन जावे लागते.

या लशीबद्दल साठीपुढच्या लोकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ती जिवंत जंतूंची लस आहे. साठीनंतर पहिल्यांदाच घेणाऱ्यांत गंभीर दुष्परिणाम क्वचितच होतात, पण तरुणांपेक्षा त्यांचे प्रमाण जास्त असते. अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेल्यांनी किंवा रोगप्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणाऱ्यांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. अशा वेळी मार्ग बदलणे हाही एक वैद्यकीय सल्ला असू शकतो.

दुसरा प्रश्न बोट कंपनीचा. चढण्याआधी प्रकृतीची प्रश्नावली भरून द्यावी लागते. ताप, उलट्या-जुलाब असल्यास चढू देत नाहीत किंवा केबिनमध्ये वेगळे ठेवतात. गरोदरपणाचे चोवीस आठवडे झाले असतील तर बहुतेक कंपन्या घेत नाहीत. या अटी तिकिटासोबतच्या बारीक अक्षरात असतात. पैसे भरण्याआधी मुलाला त्या मोठ्याने वाचायला सांगा.

तिसरा प्रश्न आपल्या शरीराचा. हा कुणी विचारत नाही, पण बहुतेकांसाठी तोच महत्त्वाचा असतो.

घरच्या यात्रांतूनही हेच

ज्यांना क्रूझ दूरची वाटते, त्यांनी आपल्याकडच्या यात्रा आठवाव्यात. हजला जाणाऱ्यांना मेंदूज्वराची चार प्रकारांवरची लस सक्तीची आहे आणि ती सौदीत पोचण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. १९८७ मध्ये हजच्या वेळी या आजाराची साथ आली, तेव्हा दोन प्रकारांवरची लस सक्तीची झाली. २००० आणि २००१ मध्ये वेगळ्याच प्रकाराची साथ आली, तेव्हा चार प्रकारांवरची लस आली. कोविडनंतर २०२२ मध्ये ६५ वर्षांखालच्यांनाच हजला परवानगी होती. २०२३ मध्ये ती मर्यादा उठली. पैसे साठवून बसलेल्या एखाद्या सत्तरीतल्या माणसासाठी या एका ओळीचा अर्थ किती मोठा होता!

अमरनाथला जायचे तर अधिकृत डॉक्टरांचे आरोग्य प्रमाणपत्र लागते आणि वयाची मर्यादा १३ ते ७० अशी आहे. हे प्रमाणपत्र ‘सही करून द्या’ म्हणून मागायचे नसते. उंचीवर ऑक्सिजन कमी पडतो तेव्हा हृदय आणि फुप्फुस टिकतील का, याचे ते उत्तर असते. बोटीवर कुणी असे प्रमाणपत्र मागणार नाही. पण दोन मजले न थांबता चढता येतात का, चढताना छाती भरून येते का, हे घरच्या जिन्यावर तपासून पाहायला काहीच हरकत नाही. दम लागत असेल तर तिकिटाआधी ईसीजी आणि डॉक्टरांची भेट.

सहा आठवड्यांचे वेळापत्रक

निघण्याच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटा. जाताना जुनी फाइल, चालू औषधांची पाने आणि बोटीच्या बंदरांची यादी बरोबर न्या. पीतज्वराची लस लागणार असेल तर ती याच टप्प्यात उरकावी. टायफॉइडची लस, दहा वर्षांत न घेतलेले धनुर्वाताचे इंजेक्शन यांचाही विचार तेव्हाच होतो. आपल्याकडच्या साठीतल्या बहुतेकांना हिपॅटायटिस ‘ए’ लहानपणी नकळत होऊन गेलेला असतो. शहरात वाढलेल्या नातवंडांना तो झालेला नसतो, म्हणून त्यांच्या लशीचे वेगळे विचारा.

निघण्याच्या चार आठवडे आधी साठीपुढच्यांनी, तसेच मधुमेह, दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी फ्लूची लस घ्यावी. तिचा परिणाम यायला सुमारे दोन आठवडे लागतात. न्यूमोनियाची लस राहिली असेल तर तीही विचारावी. याच टप्प्यात प्रवास विमा काढावा आणि बीपी, शुगर, अँजिओप्लास्टी यातले काही लपवू नये. बोटीवरचा दवाखाना लहान असतो. तिथे डॉक्टर, नर्स, ऑक्सिजन, ईसीजी असतो, पण अँजिओप्लास्टी होत नाही. रुग्णाला बंदरावर उतरवणे किंवा हेलिकॉप्टरने नेणे फार महागात पडते. लपवलेल्या आजाराचा दावा कंपनी नाकारते, आणि तो धक्का आजारापेक्षा मोठा असू शकतो.

दोन आठवडे आधी औषधे भरा. सहलीच्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्तीची घ्या आणि ती हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात टाकू नका. इन्सुलिन तर नाहीच. डॉक्टरांची चिठ्ठी औषधांच्या मूळ नावांसह इंग्रजीत घ्या. आपल्याकडे चिठ्ठीवर सहज मिळणाऱ्या काही गोळ्या परदेशात नियंत्रित असतात. संयुक्त अरब अमिरातीत ट्रॅमाडॉल, कोडीन, अल्प्राझोलाम यांसाठी आधी परवानगी लागते. गुडघेदुखीची किंवा झोपेची गोळी खिशात आहे म्हणून विमानतळावर अडकायला नको.

बोटीवर

बस लागणाऱ्यांना बोटही लागते. प्रोमेथॅझिनची गोळी बोट हलण्याआधी घेतली तर उपयोग होतो, उलट्या सुरू झाल्यावर घेऊन फारसा नाही. तिने गुंगी येते, म्हणून म्हाताऱ्या माणसांनी जिन्यावर जपावे. प्रोस्टेटचा किंवा काचबिंदूचा त्रास असल्यास आधी विचारूनच घ्यावी.

बोटीवरच्या उलट्या-जुलाबांचे नेहमीचे कारण म्हणजे नोरोव्हायरस. थोडे विषाणू पोटात गेले तरी पुरतात आणि बारा ते अठ्ठेचाळीस तासांत त्रास सुरू होतो. जेवणाच्या टेबलावरचे चमचे, दारांच्या मुठी, कठडे यांवरून तो पसरतो. दाराशी ठेवलेल्या सॅनिटायझरवर इथे भिस्त ठेवू नका. अल्कोहोलचा या विषाणूवर चांगला परिणाम होत नाही. साबण आणि वाहते पाणी, वीस सेकंद, जेवणाआधी आणि संडासनंतर, हाच खात्रीचा उपाय. ओआरएसची पाच-सहा पाकिटे घरूनच न्या. मधुमेहाच्या रुग्णाला उलट्या होऊन जेवण जात नसेल तर काही गोळ्या थांबवाव्या लागतात. कोणत्या, हे निघण्याआधीच डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या.

त्रास झाला तर बोटीच्या दवाखान्यात सांगा. ‘सांगितले तर केबिनमध्ये कोंडतील’ या भीतीने लोक गोळ्या खाऊन जेवणाच्या हॉलमध्ये येतात आणि दोन दिवसांत आजार अर्ध्या मजल्यावर पसरतो. त्यात स्वतःचीच नातवंडे असतात.

परत आल्यावर

घरी आल्यावर ताप आला तर डॉक्टरांना पहिले वाक्य हे सांगा: ‘आम्ही अमुक तारखेला अमुक देशातून आलो.’ हिवताप, डेंगी, टायफॉइड यांचे निदान या एका वाक्याने लवकर होते. पीतज्वराच्या देशातून आल्यावर विमानतळावर विचारले तर खरे सांगा. उत्तर लपवून सहा दिवस वाचतात, पण ज्या जिल्ह्यात तो आजार नाही तिथे तो आणण्याचा धोका आपण पत्करतो. त्याचा डास आपल्याकडे भरपूर आहे. डेंगीचा जो डास, तोच.

मामल्यात १९९४ मध्ये पहिली खूण दिसली ती घरात. पिसवा वाढल्या आणि उंदीर मेले. गावकऱ्यांनी तक्रार केली आणि तपास सुरू झाला. साथ पकडण्याची सुरुवात अजूनही अशीच होते, कुणीतरी वेळेवर सांगितल्याने. बोटीच्या प्रवासातही नियम कितीही बदलले तरी हे काम प्रवाशाकडेच राहते. दिवाळीच्या सुट्टीत बोट ठरवली असेल, तर गणपती उठले की फाइल घेऊन डॉक्टरांकडे जा. तोवर बॅग माळ्यावर राहिली तरी चालेल.